मशीन वेगवान झालं, मग संध्याकाळ कुठे गेली?

या वेळचं पत्र एका गेम आर्टिस्टचं आहे. नाव छापू नका असं त्याने कळवलंय. पत्र लांब आहे, त्यातला मुख्य भाग इथे देते. कंसातले अर्थ मी घातलेत.

"ताई, मी सहा वर्षं एका स्टुडिओत प्रॉप आणि एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट (गेममधल्या वस्तू आणि परिसर बनवणारा) आहे. हाय-पॉलीवरून लो-पॉली बांधणं (लाखो त्रिकोणांच्या मॉडेलवरून मोजक्या त्रिकोणांचं हलकं मॉडेल करणं), यूव्ही उलगडणं (चित्र चढवण्यासाठी मॉडेलचा पृष्ठभाग सपाट पसरणं), बेक करणं (जड मॉडेलचा तपशील हलक्यावर चित्ररूपात उतरवणं), एलओडी काढणं (लांबून दाखवायच्या ढोबळ आवृत्त्या करणं) यात माझा हात चांगला बसलाय. वर्षभरापूर्वी आमच्या टीमने अनरियल ५ हे इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) घेतलं. आता लीड (टीमप्रमुख) म्हणतो, स्कल्प्ट (हाय-पॉली मॉडेल) सरळ इंजिनात टाक, लो-पॉलीची गरज नाही. लाइटमॅपही (आधीच मोजून ठेवलेला प्रकाश) गेले. कॉन्सेप्टवाले (आधी कल्पनाचित्रं काढणारे) एआयमधून चित्रं काढून देतात. मी जे शिकलो ते सगळं वाया गेलं का? दुसरं म्हणजे, नव्या तंत्राने काम हलकं होईल असं आम्हाला सांगितलं होतं. प्रत्यक्षात चार महिने झाले, रात्री दहाच्या आत घरी पोचलो नाही, शनिवार तर धरलेलाच. उजवं मनगट दुखतं, रात्री बोटांना मुंग्या येतात. पूर्वी रोज स्केच करायचो, आता पेन उचलावंसं वाटत नाही. टेक्निकल आर्टिस्ट (कला आणि प्रोग्रॅमिंग यांच्यामधलं काम करणारा) व्हावं, प्रोग्रॅमिंग शिकावं, की हे क्षेत्रच सोडावं?"

तुझ्या पत्रात मनगटाचा उल्लेख जाता जाता आलाय. मी उत्तर तिथूनच सुरू करते. रात्रीच्या मुंग्यांना नुसता थकवा समजू नकोस. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग एवढ्याच जागी मुंग्या येत असतील, तर मनगटातून जाणारी नस दाबली जात असण्याची शक्यता असते. करंगळीच्या बाजूला येत असतील तर ती नस वेगळी, आणि दुखणं बऱ्याचदा कोपराशी असतं. मी डॉक्टर नाही. पण नेमक्या कोणत्या बोटांना मुंग्या येतात हे दोन-तीन रात्री लिहून ठेव आणि याच आठवड्यात दाखवून ये. मी हेच सात महिने पुढे ढकललं होतं. एका प्रोजेक्टच्या शेवटच्या टप्प्यात स्टायलस धरवेना, तेव्हा डाव्या हाताने माउस चालवून काम पूर्ण केलं आणि सगळ्यांनी शाबासकी दिली. त्यानंतर पाच महिने मला सलग अर्धा तासही चित्र काढता आलं नाही. ती शाबासकी देणाऱ्यांपैकी एकानेही नंतर हाताची चौकशी केली नाही. त्यांचा मला राग नाही, तेही तितकेच दमलेले होते. तुझ्या हाताची काळजी तुलाच घ्यावी लागेल, एवढंच मला म्हणायचंय.

आता "वाया गेलं का" या प्रश्नाकडे येते.

मी कामाला लागले तेव्हा प्रकाश टेक्स्चरमध्येच, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्रातच, रंगवायचा असे. लाकडी पेटीला लोखंडी पट्टी असेल, तर पट्टीच्या वरच्या कडेला उजळ रेघ, खिळ्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका, खाली गडद सावली, सगळं हाताने. त्यात मी चांगली होते. मग २००४ मध्ये डूम ३ हा गेम आला आणि नॉर्मल मॅप, म्हणजे सपाट पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास देणारी चित्रं, सगळीकडे पोचले. हाय-पॉलीवरचा तपशील लो-पॉलीवर बेक करायचा हे जे काम आज तुझ्या हातून निसटतंय, ते तेव्हा नवं होतं आणि आम्हाला त्याचीच भीती वाटायची. पुढे २०१२ मध्ये डिस्नीच्या ब्रेंट बर्ली यांनी सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत त्यांचं मटेरियल मॉडेल मांडलं, दोन-तीन वर्षांत पीबीआर, म्हणजे खऱ्या प्रकाशाच्या नियमांनी पृष्ठभाग दाखवणं, गेममध्ये रुळलं, आणि मला सांगण्यात आलं की टेक्स्चरमधला प्रकाश आता पुसून टाका. मी इतकी वर्षं जे रंगवायला शिकले होते तेच काढून टाकायचं! त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण त्या पट्टीची कड कुठे झिजते, कुठे हात लागून गुळगुळीत होते, पाणी कुठे साचून गंजतं, हे मला माहीत होतं. रंगवलेली उजळ रेघ गेली आणि तिच्या जागी रफनेस मॅपमधली, म्हणजे पृष्ठभाग कुठे खरखरीत, कुठे गुळगुळीत ते सांगणाऱ्या चित्रातली, एक पट्टी आली. ती कुठे द्यायची हे ज्याला कळत नव्हतं, त्याची पेटी पीबीआरमध्येही प्लास्टिकची दिसायची. तू सहा वर्षं सिल्हूट, म्हणजे वस्तूची बाहेरची आकृती, न मोडता त्रिकोण कमी करत आलास. म्हणजे एखाद्या वस्तूची ओळख तिच्या कुठल्या रेषेवर उभी आहे, हे तू सहा वर्षं शिकलास. ते कोणत्याही इंजिनात लागतं.

आणि नवं इंजिन नेमकं काय करतं तेही नीट समजून घे, कारण "लो-पॉलीची गरज नाही" हे लीडचं वाक्य अर्धंच खरं आहे. अनरियल ५ एप्रिल २०२२ मध्ये आलं. त्यातलं नॅनाइट हे तंत्र मॉडेलचे १२८ त्रिकोणांपर्यंतचे छोटे छोटे गट करतं, आणि कॅमेरा जितका लांब, तितका ढोबळ गट उचलतं. त्यामुळे दगड, भिंती, पुतळे यांचे हाताने एलओडी काढण्याचं काम खरंच गेलं. जाऊ दे, ते कंटाळवाणंच होतं. पण फ्रेमचा, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र काढायचा, वेळ वाढलेला नाही. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद, ३० हव्या असतील तर ३३.३. ही चौकट तिथेच आहे. खर्च फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलाय.

मागच्या एका प्रोजेक्टमधला प्रसंग सांगते. पडक्या वाड्याचं एक अंगण होतं. तिथे शिरलं की फ्रेम २२ मिलिसेकंदांवर जायची. सगळ्यांनी बोट दाखवलं ते मधल्या पुतळ्यांकडे, कारण एकेका पुतळ्यात लाखो त्रिकोण. पुतळे लपवून पाहिले, जेमतेम अर्धा मिलिसेकंद वाचला. मग आमच्यातल्या एकीने, जिने अनेक वर्षं मोबाइल गेमवर काम केलं होतं, ओव्हरड्रॉ, म्हणजे एकच पिक्सेल किती वेळा काढला जातो ते, रंगांतून दाखवणारा व्ह्यू लावला. पुतळे, फरशी, कमानी सगळं हिरवं, म्हणजे स्वस्त, आणि भिंतीवरची वेल पांढरी फटक, म्हणजे सगळ्यांत महाग. वेलीचं प्रत्येक पान म्हणजे एक चौकोनी कार्ड, त्यावर पानाचं चित्र, उरलेला भाग पारदर्शक. अशी कार्डं एकावर एक इतकी रचली होती की एकाच पिक्सेलसाठी जीपीयू (ग्राफिक्सची चिप) दहा-बारा वेळा राबत होता, आणि त्यातला बराचसा वेळ जे दिसणारच नाही त्या रिकाम्या कोपऱ्यांवर जात होता. तिने प्रत्येक कार्ड पानाच्या आकाराला धरून कापलं. त्रिकोण तिपटीने वाढले आणि फ्रेम १६ च्या आत आली. दीड दिवसाचं काम. "त्रिकोण वाढवले तर वेळ कमी कसा होईल" असं विचारणारे तिथे तिच्यापेक्षा हुशार चार जण होते, पण हिशेब तिला ठाऊक होता. तुझं जुनं शिक्षण असं उपयोगी पडतं. शिवाय मोबाइल आहेत, हातातले छोटे कन्सोल आहेत, व्हीआर आहे, जिथे दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळी चित्रं काढावी लागतात. तिथे लो-पॉली बांधणारा हात आजही रोज लागतो.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर थोडं थांबते, कारण मला खरं बोलायचंय ते इथे.

तुम्हाला सांगितलं गेलं की नव्या तंत्राने काम हलकं होईल. सांगणारा खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही, त्यालाही तसंच वाटत असणार. पण वीस वर्षांचा हिशेब बघ. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी ३२ एमबी होती. २०२० च्या प्लेस्टेशन ५ ची १६ जीबी. पाचशे पट. तेव्हा एखाद्या वस्तूला ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं टेक्स्चर मिळालं तरी चैन वाटायची. आज ४०९६ चं सर्रास मागतात, म्हणजे पिक्सेल ६४ पट, जवळपास १ कोटी ६७ लाख. ते पिक्सेल कोणीतरी भरायचे असतात ना? मी सुरुवातीला दिवसाला गेममधली दोन पिंपं बनवून संपवत असे. आज एका पिंपाला आठवडा लागतो, आणि त्या पिंपाकडे खेळणारा पूर्वीइतकंच बघतो. यंत्राने वाचवलेला प्रत्येक तास आपल्यापर्यंत पोचायच्या आधीच तपशिलात खर्च झालेला असतो. कोणी ठरवून करत नाही. जागा दिसली की ती भरली जाते, बस.

आणि उशिरापर्यंत बसण्याचा आजार तंत्रामुळे आलेला नाही, तंत्रामुळे जाणारही नाही. ज्या २००४ साली नॉर्मल मॅपने आम्हाला घाबरवलं, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने निनावी पत्र लिहून घरातली परिस्थिती जगासमोर मांडली होती. आठवड्याचे सातही दिवस काम, घरी आलेला माणूस नुसता पडून राहतो, कधी संपणार विचारलं तर तारीख पुढे. त्याच कंपनीच्या आर्टिस्टांनी न मिळालेल्या ओव्हरटाइमसाठी दावा केला होता. तो २००५ मध्ये १ कोटी ५६ लाख डॉलरवर मिटला. तेव्हा कन्सोलची मेमरी मेगाबाइटमध्ये मोजायचे. तुझं पत्र आणि ते पत्र शेजारी ठेवलं तर फक्त आकडे बदललेले दिसतात.

म्हणून पुढच्या इंजिनाची, पुढच्या टूलची वाट बघू नकोस. संध्याकाळ परत मिळते ती काम सुरू होण्याआधी घेतलेल्या निर्णयांतून. हे मी अनुभवाने सांगतेय. एकदा मी एका लोखंडी दारावर तीन आठवडे घालवले. बिजागरीच्या स्क्रूच्या खाचेत गंज, कडीखाली घासलेला रंग, खालच्या कडेला चिखलाचे शिंतोडे. अतिशय सुंदर दार होतं. गेममध्ये खेळाडू ते लाथ मारून उघडायचा, बाहेरून, अंधारात. बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. मला कोणी फसवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. तेव्हापासून कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी विचारते की कॅमेरा किती जवळ येणार, किती सेकंद, कुठल्या प्रकाशात आणि खेळाडू त्या वेळी काय करत असेल. हे चार प्रश्न लेव्हल डिझायनरला विचारायला दहा मिनिटं लागतात. तीन आठवडे वाचतात.

मोठ्या पातळीवर हाच निर्णय शैलीचा असतो. २००७ सालचा टीम फोर्ट्रेस २ हा गेम आजही बघवतो, कारण तो बनवणाऱ्या व्हॉल्वच्या आर्टिस्टांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जाहिरात-चित्रकारांकडे, विशेषतः लायेनडेकर यांच्याकडे पाहून ठरवलं होतं की प्रत्येक पात्र नुसत्या सावलीवरून ओळखू यावं. तपशील कमी ठेवणं हा तिथे नाइलाज नव्हता. २०१४ चा गिल्टी गियर झर्ड तर मला सगळ्यांत जवळचा. तो अनरियल ३ वर, म्हणजे तेव्हाही जुन्या होत चाललेल्या इंजिनावर बांधला. पण तो बनवणाऱ्यांनी मॉडेलचे नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते सांगणाऱ्या दिशा, हाताने वळवले, जेणेकरून सावली चित्रकार जिथे टाकेल तिथेच पडावी, आणि अ‍ॅनिमेशनमधल्या मधल्या फ्रेम यंत्राला भरू न देता एकेक पोझ हाताने लावली. तो गेम पाहिला की मला अजून वाटतं, आपलं काम हेच आहे. यंत्र काय काय करू शकतं यातलं किती घ्यायचं, हे डोळ्याने ठरवणं.

तुझा स्टुडिओ मात्र तू एकटा बदलू शकणार नाहीस, आणि ते ओझं घेऊही नकोस. एक गोष्ट कर. सोमवारी तुझ्याकडच्या सगळ्या असेटची, म्हणजे बनवायच्या वस्तूंची, यादी काढ. प्रत्येकासमोर खरे दिवस लिही, दिवसाचे आठ तास धरून, फीडबॅकच्या फेऱ्या धरून. बेरीज कर. ती घेऊन लीडकडे जा आणि असं बोल: "हे चौदा असेट आहेत, एकूण बावन्न दिवस लागतात, डेडलाइनला तीस उरलेत. कोणते काढायचे किंवा कोणते साधे करायचे ते आपण ठरवू." मी दमलोय, मला जमत नाही, असं म्हणालास तर तो तुझी समजूत घालेल. यादी समोर ठेवलीस तर त्याला यादीशी बोलावं लागेल. बरेचसे लीड मनातून अशी यादी मिळावी म्हणून वाट बघत असतात, कारण त्यांना ती वर न्यायची असते. मी लीड होते तेव्हा मला तर अशा यादीचा आधार वाटायचा.

यावर "सगळंच करायचंय आणि तारीख तीच" असं उत्तर आलं, तर तुला तुझं उत्तर मिळालं. शेवटचे दोन आठवडे जोर लावायचा, त्याला तारीख असते, नंतर सुट्टी असते, ते मी समजू शकते. चार महिने चाललेलं आणि शेवट कोणालाच माहीत नसलेलं काम म्हणजे नियोजन चुकलंय आणि त्याची भरपाई तुझ्या हाडांतून चाललीय. तिथून निघ. पण रागाच्या भरात राजीनामा टाकू नकोस. २०२३ आणि २०२४ मध्ये या उद्योगातल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, चांगले अनुभवी आर्टिस्ट महिनोन्‌महिने घरी बसले. दुसरीकडे पाय रोव, मग इथला काढ. आणि निघण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घे. कोणतं काम केव्हापासून पोर्टफोलिओत दाखवता येईल ते, आणि गेम येण्याआधी सोडून गेलेल्याचं नाव क्रेडिट्समध्ये राहतं की नाही ते. करारातलं ओव्हरटाइमचं आणि घरी केलेल्या खासगी कामाच्या मालकीचं कलमही एकदा शांतपणे वाच.

एआयबद्दल मला काय वाटतं ते लपवत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं बनवणारं एआय खुलं झालं, तेव्हापासून ज्यांची चित्रं न विचारता त्यात घातली गेली त्या चित्रकारांच्या बाजूने मी उभी आहे. कायद्यानेही प्रश्न विचारायला सुरुवात केलीय. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने एका कॉमिकमधल्या, मिडजर्नी या एआयने काढलेल्या चित्रांना संरक्षण नाकारलं, आणि जानेवारी २०२४ पासून स्टीम या गेमविक्रीच्या साइटवर गेम टाकताना एआयचा वापर जाहीर करावा लागतो. तुझ्या रोजच्या कामापुरतं सांगायचं तर, अशा कॉन्सेप्टवरून मॉडेल करायला बसलास की तुलाच कळेल. लांबून देखणा दिसणारा पट्टा बकलच्या एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेरच येत नाही. झाकणाला बिजागरी असते पण ते उघडायला जागा नसते. ते झाकण उघडेल असं करण्याचं काम शेवटी तुझ्याकडेच येतं, आणि त्याचे तास कोणी धरलेले नसतात. ते तास तुझ्या यादीत वेगळे लिही. आणि स्टुडिओचं अप्रकाशित काम बाहेरच्या कुठल्याही एआय सेवेत टाकू नकोस, कोणी कितीही घाईत सांगितलं तरी.

टेक्निकल आर्टिस्ट व्हावं का? एक परीक्षा सांगते. समज, एखादं मटेरियल इंजिनात आणल्यावर जरा जास्तच चकाकतंय. टेक्स्चर तर बरोबर रंगवलंय. तू शोधत शोधत जातोस आणि सापडतं की इम्पोर्ट करताना रफनेस मॅपवर एसआरजीबीची, म्हणजे रंगीत चित्रांसाठीची, खूण तशीच राहिली, त्यामुळे तू दिलेलं ०.५ इंजिनाने सुमारे ०.२१ असं, म्हणजे जास्त गुळगुळीत, वाचलं. ती खूण काढतोस. मग तुझ्या मनात येतं का, की फोल्डरमधल्या बाकीच्या तीनशे टेक्स्चरवरही हीच चूक असेल, आणि ती आपोआप पकडणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी? येत असेल, तर पायथन शिकायला लाग, ते काम तुझं आहे. ते एक टेक्स्चर दुरुस्त करून तू परत गंज रंगवायला वळलास तर तू आर्टिस्ट आहेस. तिकडे फक्त नोकरी टिकेल या भीतीने जाऊ नकोस. भीतीने बदललेल्या कामात क्रंच, म्हणजे डेडलाइनआधीचं रात्रंदिवस काम, आला की माणूस दुप्पट खचतो. पूर्णवेळ प्रोग्रॅमिंगचं तर तू पत्रात एकदाच लिहिलंस, तेही पुढच्या शब्दात क्षेत्र सोडण्याच्या शेजारी. ते तुला हवंय असं मला वाटत नाही.

क्षेत्र सोडायचं की नाही हे आत्ता ठरवू नकोस. पेन उचलावंसं वाटत नाही याचा अर्थ चित्रावरचं प्रेम संपलं असा तू काढतोयस. चार महिने अपुऱ्या झोपेवर काढलेल्या माणसाला काहीच उचलावंसं वाटत नाही. सलग दोन आठवडे सुट्टी घे, खरी सुट्टी, टूल न उघडता, ट्यूटोरियल न बघता. पहिला आठवडा बहुधा झोपण्यातच जाईल. स्केचबुक घरात दिसेल अशा जागी ठेव, पण उघडायची सक्ती नको. त्यानंतरही हात तिकडे गेला नाही, तर मला पुन्हा लिही, तेव्हा आपण दुसऱ्या वाटांचं बोलू. माझा हात बरा झाल्यावर पहिल्यांदा मी काढलं ते खिडकीच्या कडीचं चित्र होतं, मऊ शिशाच्या पेन्सिलीने, जेमतेम पाच मिनिटं. कुठेही टाकलं नाही, कोणाला दाखवलं नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते मात्र लगेच कळव. बोटांची नोंद घेऊन जायला विसरू नकोस.